टीव्हीवरच्या स्पर्धा : तुम्ही कोणाला मत दिलं होतं?

काल माळा आवरताना जुना नोकिया सापडला. चार्जरला लावला तर चक्क सुरू झाला! सेंट आयटम्समध्ये एकाच नंबरवर पाठवलेले पंचवीसेक मेसेज. मार्च 2005, 'इंडियन आयडॉल'चं पहिलं पर्व, अभिजीत सावंत. मुंबईचा मुलगा फायनलला म्हणून बाबांच्या प्रीपेडचा बॅलन्स मी एका रात्रीत उडवला होता. मतदान, ऑडिशन, परदेशातल्या स्पर्धा, काहीही चालेल. लिहा.

*

आमच्याकडे 2009, 'सा रे ग म प'चं लहान मुलांचं पर्व, 'लिटिल चॅम्प्स'. आई रत्नागिरीची म्हणून प्रथमेश लघाटे, बाबांचं आजोळ आळंदीजवळ म्हणून कार्तिकी गायकवाड. तिथे गुण सुरांत, सगळ्यात वर 'सा'. परीक्षकांनी प्रथमेशला 'नी' दिला की आईचं सुरू, "'सा' द्यायला काय झालं होतं?" फेब्रुवारीत कार्तिकी जिंकली, बाबा पेढे घेऊन आले. आईने पेढा खाल्ला. "गाते मात्र छान हो" हे म्हणायला आठवडा घेतला.

*

मी ऑडिशन दिलीय. चॅनेलचं नाव नको. पहाटे पाचपासून शाळेच्या मैदानात रांग, छातीवर चार आकडी नंबराचा स्टिकर. परीक्षकांसमोर जायचं म्हणून नवा कुर्ता शिवला होता. दुपारी तीनला वर्गात घेतलं, तर बाकामागे दोन पोरगेले मुलगे, त्यातला एक वडापाव खातोय. यमनमधली बंदिश धरली. मुखडा संपायच्या आत "थँक्यू, नेक्स्ट". टीव्हीवर दिसणाऱ्या परीक्षकांच्या आधी दोन-तीन चाळण्या असतात हे तेव्हा कळलं. स्टिकर ओढून काढला, त्याच्या डिंकाचा चौकोन कुर्त्यावर अजून आहे.

*

यमनवाले, तुमच्या वडापावात निदान खोटं काही नव्हतं. मी अशाच एका कार्यक्रमात प्रेक्षकांत बसले होते. स्टेज रिकामं, गाणारं कोणी नाही, आणि हेडफोनवाला सांगतोय, "आता टाळ्या... आता उभे राहा... आता डोळे पुसा." मी ओढणीने कोरडे डोळे पुसले. महिन्याभराने तेच डोळे एका मुलाच्या गाण्यावर चिकटवलेले. ते गाणं मी तिथे ऐकलंच नव्हतं! आत्याचा लगेच फोन, "किती हळवी गं तू."

*

न्यू जर्सीहून. भाईंदर-नायगावच्या वस्त्यांमधली 'व्ही. अनबीटेबल' या नाचाच्या ग्रुपची पोरं 2019 ला 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथी आली, तेव्हा ती एकमेकांना हवेत भिरकावायची आणि आमची सोफ्यावर दातखीळ बसायची. 2020 ला त्याच कार्यक्रमाच्या 'चॅम्पियन्स' पर्वात ती जिंकली. लेक फोन घेऊन मत द्यायला तयार, पण त्या पर्वात घरबसल्या मतदानच नव्हतं, निवडक 'सुपरफॅन' मंडळींनी ठरवलं. सासूबाई भाईंदरच्या. त्यांना नाचापेक्षा आपल्या स्टेशनचं नाव अमेरिकेत निघाल्याचं कौतुक जास्त.

*

नोकरीनिमित्त दोन वर्षं नॉर्वेत, बर्गेनला होतो. 2003 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अकरा 'आयडॉल' विजेत्यांना समोरासमोर आणणारी 'वर्ल्ड आयडॉल' झाली होती. अमेरिकेच्या केली क्लार्कसनला मागे टाकून बर्गेनचाच कर्ट निल्सन जिंकला. तो पेशाने प्लंबर. मी हे मोठ्या उत्साहाने घरमालकाला ऐकवलं. माझ्या स्वयंपाकघरातला नळ तेव्हा तीन आठवडे गळत होता. तो म्हणाला, "आवाज चांगलाच आहे. पण आमचा एक प्लंबर कमी झाला ना."