मदत हवी आहे : 'मार्केट टाउन'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. भारतातून आलेल्या आईवडिलांना आमच्याकडचं ॲबिंग्डन दाखवायचं म्हणून चार पानी मराठी माहितीपत्रक करतेय. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्सकाठी वसलेलं गाव. मठाभोवती वाढलं, १५३८मध्ये मठ बंद झाला, १५५६मध्ये राणी मेरीची सनद मिळाली. इथवर ठीक, 'सनद' चपखल बसतं.

अडलंय ते 'मार्केट टाउन'पाशी, म्हणजे बाजार भरवायचा जुना हक्क असलेलं गाव. शब्दकोशातलं 'बाजारपेठेचे शहर' लिहिलं, तर आईला वाटलं खरेदीला न्यायचंय! 'कसबा' अर्थाने सर्वांत जवळचा, पण पुणेकरांना आधी गणपतीच आठवतो. 'बाजारगाव'मध्ये आठवडी बाजार येतो, पण गावाचा मान येत नाही. आणि तोच तर मुद्दा आहे. १७व्या शतकातल्या काउंटी हॉलमध्ये खाली कमानींत बाजार, वर न्यायालय. पुढे बर्कशर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठाणं इथून रेडिंगला गेलं, १९७४मध्ये गावच ऑक्सफर्डशरमध्ये गेलं, तरी राज्याभिषेकासारख्या प्रसंगी त्याच हॉलच्या गच्चीवरून नगरसेवक खालच्या गर्दीत बनपाव फेकतात. जुने, वाळून कडक झालेले बन संग्रहालयात जपलेत!

तळटीपा नकोत, वाचणारे सत्तरीचे आहेत. इंग्रजी शब्द तसाच ठेवा हा सल्लाही कृपया नको, तो करून झालाय.

तर 'कसबा' एका ओळीच्या खुलाशासह चालेल, की याहून बरा शब्द आहे? आणि एवढ्याशा गावाच्या मेयरला 'महापौर' म्हणायचं की 'नगराध्यक्ष'?