सांगोला मतदारसंघाचा इतिहास म्हणजे एकट्या आबांचा इतिहास का?

माणकाठचा (धागा यांनी सुरू केला)

परवा घरच्या ग्रुपवर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभेचा इतिहास म्हणून एक लांबलचक मेसेज आला, वाचला तर मतदारसंघ कमी आणि गणपतराव देशमुखांचं, म्हणजे आबांचं, चरित्रच जास्त. आबा एसटीनं फिरायचे, आबांनी सूतगिरणी उभी केली, आबा 11 वेळा आमदार झाले, बास. मला आबांबद्दल आदर आहे, उगाच अंगावर येऊ नका, पण हा तालुक्याचा इतिहास झाला का?

आबा दोनदा पडलेत, 1972 ला आणि 1995 ला, त्यावर मेसेजमध्ये अर्धी ओळ. 95 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी पाडलं. एकशे ब्याण्णव, म्हणजे एखाद्या वाडीवरची मतं! मग 2019 ला आबा वयामुळं थांबले, नातू अनिकेत उभा राहिला, आणि तोही बापूंकडूनच 768 मतांनी गेला. मला वाटतं सांगोल्याचा खरा इतिहास या दोन आकड्यांत आहे. हा तालुका कधीच एका घराचा नव्हता, निम्मा तालुका कायम पलीकडच्या बाजूला होता, त्याचं कुणी लिहीत नाही इतकंच.

खटारा_जुना

म्हणजे 13 लढतींतल्या बरोबर पडलेल्या दोन उचलायच्या, वर नातवाची एक जोडायची आणि म्हणायचं निम्मा तालुका विरोधात? 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले ते 78, 80, 85, 90 सलग निवडून आले की. 80 ला इंदिराबाई परत आल्या, 85 ला त्यांच्या हत्येनंतरचं वातावरण, भले भले गेले त्यात, पण सांगोल्यात आबांचा शेकापच (शेतकरी कामगार पक्ष). 2014 ला मोदींची लाट, म्हातारा नव्वदीला टेकलेला, तरी निवडून आला. हे काय 192 मतांचं काम आहे का? आणि चरित्र चरित्र काय करताय, 1962 पासून 2019 पर्यंत मधली सहा-सात वर्षं सोडली तर आमदार एकच होता, मग इतिहासात दुसरं कोण येणार, तलाठी?

माणकाठचा

तलाठी नको 😄 पण मतदार तरी येऊ दे. तुम्ही लाटा मोजताय त्या सगळ्या बाहेरच्या. तालुक्यात काय चाललं होतं ते सांगा ना.

बिगर_पाण्याचं_पाखरू

मी सांगतो काय चाललं होतं, टँकर चालले होते. माझं आजोळ सांगोला तालुक्यात, लहानपणी सुट्टीला गेलो की आजी आंघोळीचं पाणी खाली परातीत धरायची आणि तेच डाळिंबाच्या झाडाला. 50 वर्षं एक माणूस आमदार आणि टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी यायला एकविसावं शतक उजाडावं लागतं, याला काय म्हणायचं? साधेपणाचं कौतुक पुरे झालं, साधेपणानं विहीर भरत नाही.

खटारा_जुना

टेंभूचं पाणी उचलतात कराड तालुक्यातनं, म्हैसाळचं मिरजेतनं, दोन्ही कृष्णेचं. ते टप्प्याटप्प्यानं वर चढवत खानापूर, आटपाडी, जत करत आणायचं म्हणजे सगळ्यात शेवटी राहिला सांगोला. वरचा प्रत्येक तालुका आधी आपलं भांडं भरणार. यात एकटा विरोधी पक्षाचा आमदार काय करणार होता, खांद्यावर कालवा आणणार होता का? मंत्री झाले ते 78 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि मग 99 नंतर थोडे दिवस, बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. आटपाडीच्या पाणी परिषदा कुणी घेतल्या, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर तिथं कोण बसायचं ते जरा जुन्या माणसांना विचारा.

बिगर_पाण्याचं_पाखरू

परिषद घेतली हे मान्य, पण मग लोकांनी सत्तेतला आमदार का नाही दिला हा प्रश्न राहतोच ना. तत्त्व तुमचं, तहान आमची.

कोर्टाजवळची_काकू

लई भांडताय बाबांनो. एक लक्षात घ्या, आबा मूळचे सांगोल्याचे न्हवतेच, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला इथं आले. बाहेरनं आलेल्या माणसाला तालुक्यानं एवढं धरून ठेवलं याला काय फकस्त जातीचं गणित म्हनायचं? हितं धनगर समाज मोठा हाय हे खरंय, पण मराठा समाजातल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या शेकापला मत दिलं ते मी स्वतः बघितलंय, आमचंच घर घ्या. माझे सासरे शेकापचे, दीर बापूंचे, एकाच ताटात जेवायचे, निकालाच्या दिवशी मात्र ताट वेगळं.

माणकाठचा

काकू, हेच तर मी म्हणतोय! तुमच्या घराचाच इतिहास लिहायला पाहिजे, सासरे एकीकडं दीर दुसरीकडं. शहाजीबापूंचं बघा, 95 ला आमदार झाले आणि पुढची आमदारकी मिळाली 2019 ला, 24 वर्षांनी. एवढी वर्षं हरत राहूनही माणूस मैदानात टिकला म्हणजे त्यांच्या पाठीमागं कायम मोठा गट होता. बाहेरच्या जगाला ते 2022 ला कळले, शिंदेंच्या बंडात गुवाहाटीहून फोनवर बोललेल्या झाडी-डोंगार-हाटीलमुळं, आणि लोकांना वाटलं कोण हा गमतीशीर माणूस. तालुक्याला मात्र ते 30 वर्षं माहीत होते.

नकाशावाला

तुम्ही सगळे मतदारसंघ म्हणजे तालुका असं धरून चाललाय. ते चूक आहे. 2008 च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुका चार मतदारसंघांत वाटला गेला, थोडा माढ्यात, थोडा मोहोळात, थोडा मंगळवेढ्याबरोबर पंढरपुरात आणि भाळवणीकडचा भाग सांगोल्यात. म्हणजे 95 चा सांगोला आणि 2019 चा सांगोला हा एकच मतदारसंघ नाही. 192 आणि 768 शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा म्हणजे दोन वेगळ्या शेतांचा उतारा एकत्र करण्यासारखं आहे. लोकसभेलाही तेव्हाच माढा हा नवा मतदारसंघ तयार झाला आणि सांगोला त्यात गेला, 2009 ला थेट शरद पवारांना मतदान. राजकारणाचा सगळा पोतच बदलला त्यानं.

माणकाठचा

हा मुद्दा मी धरला नव्हता, कबूल. 768 मतांचा फरक भाळवणीकडच्या गावांतही पडलेला असू शकतो. पण मग तुमच्याच हिशोबानं 11 विजयांची माळ पण एका दोऱ्यात ओवता येत नाही, 2009 आणि 2014 वेगळ्या सांगोल्यातले. खटाराभाऊ, बोला आता.

खटारा_जुना

बोलतो की. सीमा बदलली तरी माणूस निवडून आला, याचा अर्थ नवी गावं पण त्याच्या मागं उभी राहिली. तुमचाच मुद्दा पडला. देशात विक्रम आहे हा एकाच मतदारसंघातून.

नकाशावाला

देशात नाही हो. केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरतं बोला.

खटारा_जुना

बरं महाराष्ट्रापुरतं. आणि 2024 विसरलात सगळे? दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडून. समोर बापू शिंदेंच्या सेनेकडून आणि दीपकआबा साळुंखे ठाकरेंच्या सेनेच्या मशालीवर. 25 हजारांच्या पुढं लीड. अख्ख्या विधानसभेत शेकापचा एकमेव आमदार, तो पण सांगोल्याचा. तुमचा निम्मा तालुका कुठं गेला त्या दिवशी?

बिगर_पाण्याचं_पाखरू

तिरंगी होती ती. बापूंची आणि दीपकआबांची मतं एकत्र करून बघा मग कळेल निम्मा तालुका कुठं गेला ते. (आणि कृपा करून नुसतं आबा लिहू नका, सांगोल्यात दोन दोन आबा आहेत, बाहेरच्यांचा गोंधळ होतो.)

खटारा_जुना

बेरीज कागदावर होती. दीपकआबांची माणसं बापूंनाच देणार होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यातली किती तरी गणपतआबांना मानणारी होती.

कोर्टाजवळची_काकू

आमचा दीर त्या येळी मशालीला दिऊन आला. सासरे असते तर बोलले असते त्याला. कुनाच्या बाजूनं ते मातर सांगता येत न्हाई.

नकाशावाला

2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर परत पुनर्रचना होणार, महिला आरक्षण पण त्यालाच बांधलेलं आहे. भाळवणी राहते का जाते, जागा राखीव होते का खुली, काहीच धरून चालू नका. हा धागा जपून ठेवा, तेव्हा परत पहिल्यापासून भांडावं लागेल.