लंडनमधील युद्धकालीन नागरी जीवनावरचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम : जाण्यापूर्वी तयारी काय करावी?

माझगावची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मुंबईत इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. येत्या उन्हाळ्यात लंडन येथील तीन आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरातल्या सामान्य माणसांनी दिवस कसे काढले, म्हणजे रेशनिंग, ब्लॅकआउट, हवाई हल्ल्यांपासूनचे निवारे आणि मुलांना गावोगावी पाठवणे, हा त्याचा विषय असून शेवटी प्रत्येकाने एक छोटा निबंध सादर करायचा आहे. घरची बचत यात खर्च होणार असल्यामुळे नुसते शहर पाहून परत यावे असे मला वाटत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत खरोखर अभ्यास होऊ शकतो का, आणि निबंधासाठी प्रश्न कसा निवडावा?

आणखी एक गोष्ट सांगते. माझी आजी १९४४ साली आठ वर्षांची होती आणि माझगावातच राहत होती. गोदीच्या स्फोटाचा दिवस तिला आजही आठवतो. त्या आठवणीचा या अभ्यासाशी काही संबंध जोडता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

नकाशेवाला

मी काही वर्षांपूर्वी अशाच एका अभ्यासक्रमाला गेलो होतो, म्हणून अनुभवाने लिहितो. तीन आठवड्यांत लंडनचा युद्धकाळ समजणार नाही. ७ सप्टेंबर १९४० पासून जवळजवळ सलग सत्तावन्न रात्री त्या शहरावर बाँब पडले आणि हे सत्र मे १९४१ पर्यंत चालले. एवढाच काळ घेतला तरी त्याची कागदपत्रे वाचायला वर्षे लागतील. मात्र कागद आणि जागा एकाच दिवशी पाहण्याची जी संधी तिथे मिळते, ती मुंबईत बसून मिळत नाही.

एक उदाहरण देतो. लंडन काउंटी कौन्सिलने युद्धकाळात बाँबने झालेल्या नुकसानीचे नकाशे तयार केले होते, आणि त्यांत प्रत्येक इमारत हाताने रंगवलेली आहे. पूर्ण जमीनदोस्त झालेली इमारत काळ्या रंगात, दुरुस्तीपलीकडे गेलेली जांभळ्या रंगात आणि किरकोळ हानी झालेली पिवळ्या रंगात दाखवली आहे. त्याची प्रत हातात घेऊन पूर्व लंडनच्या गल्लीत उभे राहिलो, तेव्हा जुन्या विटांच्या घरांच्या रांगेत मधेच नव्या धाटणीची इमारत का आहे हे कोणी न सांगता कळले. त्या दुपारी मला जे समजले ते व्याख्यानांतून समजले नव्हते.

तेव्हा प्रश्न लहान घ्या. ‘युद्धातील लंडन’ हा निबंधाचा विषय होत नाही; एक रस्ता, एक निवारा किंवा एका घराचे रेशन कार्ड हा विषय होतो. शिवाय प्रसिद्ध छायाचित्रांवर फार विसंबू नका. भुयारी रेल्वेच्या फलाटावर दाटीवाटीने झोपलेल्या लोकांचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण नोव्हेंबर १९४० च्या पाहणीत लंडनच्या लोकांपैकी जेमतेम चार टक्के तिथे रात्र काढत होते असे दिसले. बहुसंख्य लोक आपल्या घरीच झोपत होते. फलाट निवाऱ्यासाठी वापरू द्यायला सरकार सुरुवातीला तयार नव्हते. लोक तिकीट काढून आत जात आणि तिथेच राहत, आणि अखेर सरकारला ते मान्य करावे लागले. सामान्य माणसांच्या रोजनिश्या वाचायच्या असतील तर १९३७ मध्ये सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या सामान्य लोकांचे रोजचे जगणे नोंदवणाऱ्या उपक्रमाचा संग्रह ससेक्स विद्यापीठाकडे आहे. त्यांत धैर्य आहे, तशीच भीती, कंटाळा आणि शेजाऱ्यांवरचा रागही आहे.

दप्तरखाना

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. वरील सल्ला योग्यच आहे, परंतु आजींच्या आठवणीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर लिहितो.

३ मार्च १९४३ रोजी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन स्थानकात निवाऱ्याकडे उतरणाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे मेली. त्या रात्री तिथे एकही बाँब पडला नव्हता. भोंगा वाजला, जवळच्या बागेतून आपल्याच बाजूचे नवे विमानविरोधी अग्निबाण उडाले, आणि त्या आवाजाने लोक घाबरले. वर्तमानपत्रांना दुर्घटनेची जागा छापू दिली गेली नाही. आता १४ एप्रिल १९४४ चा विचार करा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. इथेही शत्रूचे विमान आले नव्हते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले, आणि आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने बातमी दुसऱ्याच दिवशी दिली, तर येथील वार्ताहरांना ती बाहेर पाठवण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. शत्रूने न घडवलेली, पण युद्धामुळेच घडलेली आणि सरकारने झाकलेली अशी ही दोन्ही संकटे आहेत. लोकांना खरे काय ते कसे कळले, हा तुमचा प्रश्न होऊ शकतो.

मात्र दोन्ही शहरांची तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी. लंडनचा माणूस ते युद्ध आपले मानत होता. भारताला ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी येथील नेत्यांना न विचारता युद्धात ओढले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ची हाक दिली गेल्यानंतर याच मुंबईत गोळीबार झाला. लंडनच्या गल्लीत दिवे झाकायला सांगणारा स्वयंसेवक शेजारी असे. इथे तेच काम करणाऱ्याकडे बऱ्याच जणांनी सरकारचा माणूस म्हणून पाहिले असणार. रेशनिंगचेही तसेच आहे. मुंबईत ते मे १९४३ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. ब्रिटनमध्ये पाव मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनवर आला नाही, तो आला १९४६ साली. ही गोष्ट तिथल्या वर्गात अवश्य मांडा.

जाण्यापूर्वी काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतला राज्याचा पुराभिलेख विभाग आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय या दोन ठिकाणी काही दिवस बसा. लंडनला पोचल्यावर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या, कागदपत्रांसाठी एक दिवस राखून ठेवा.

बोरीवली लोकल

व्हिसाबाबत थोडेसे. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या अभ्यासासाठी सामान्यतः अभ्यागत व्हिसा चालतो, परंतु संस्था मान्यताप्राप्त असावी लागते. प्रवेशपत्रात अभ्यासक्रमाचे नाव, मुदत आणि खर्च स्पष्ट लिहून घ्या.

माझगावची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. बेथनल ग्रीन आणि गोदी ही जोडी मला सुचलीच नसती. आता हाच विषय घेते. सर, आजीची आठवण कशी नोंदवावी? ती आता थकली आहे, आणि मी विचारते तसे ती उत्तर देते अशी मला भीती वाटते.

दप्तरखाना

तुमची भीती रास्त आहे, म्हणून जाण्यापूर्वीच बसा. पहिल्या दिवशी काही विचारू नका, त्यांना हवे तिथून सांगू द्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. घर कुठे होते, पाणी कुठून येई, त्या दुपारी घरात कोण कोण होते, हे दुसऱ्या दिवशी विचारा. आपण वाचलेले त्यांना आधी सांगू नका. पहिला स्फोट चार वाजून गेल्यावर आणि दुसरा त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने झाला, हे तुम्हाला माहीत आहे; आजींना एकच आठवत असेल तर एकच लिहून घ्या.