सांगली-साताऱ्यात डीबीटीची इंटर्नशिप खरंच मिळते का?

हळदपेठ : नमस्कार मंडळी. मी सांगलीची, एम.ए. सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे आणि शिकायची आहे डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. एका ऑनलाइन संस्थेने महिनाभराची 'डीबीटी इंटर्नशिप' देऊ केली आहे. फी पंधरा हजार, शेवटी सर्टिफिकेट आणि 'स्वतंत्र केसेस'. बाबा म्हणतात, राबणार तू आणि पैसेही तूच मोजणार, हा कुठला न्याय? पुण्यात राहायचं तर खोलीभाडं परवडत नाही. इथे जवळपास काही मिळेल का?

कृष्णाकाठ : बाबांना माझा नमस्कार सांगा.

अजिंक्यतारा : मी साताऱ्यात समुपदेशन करते, त्यामुळे जरा लांबण लावते. 'स्वतंत्र केसेस' वाचल्या वाचल्या तो फॉर्म बंद करायचा. डीबीटी मुळात उभी राहिली ती वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मार्शा लिनेहान यांनी ती घडवली. पहिली चाचणी 1991 साली छापून आली, मॅन्युअल 1993 साली. असा पेशंट विद्यार्थ्याच्या हाती एकट्याने द्यायचा, तोही व्हिडिओ कॉलवर? दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

आणि पूर्ण डीबीटी हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आठवड्याचं वैयक्तिक सेशन, वेगळा स्किल्स ग्रुप, म्हणजे भावना आवरायच्या युक्त्या शिकवणारा वर्ग, अधल्यामधल्या दिवशी फोनवर मदत आणि थेरपिस्ट मंडळींची आपापसातली बैठक, हे सगळं मिळून डीबीटी होते. बऱ्याच ठिकाणी यातलं एखाद-दुसरंच चालतं. त्यात गैर काही नाही, पण पैसे भरण्याआधी विचारा : 'तुमची टीमची बैठक कधी असते, मला मागे बसू द्याल का?' समोरचा चाचरला की काय ते समजा.

आता सांगली. सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन तिथल्या मानसोपचार विभागात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचीही चौकशी करा. डीबीटीची पाटी कुठे दिसणार नाही. पण हिस्टरी कशी घ्यायची, नातेवाइकांना बाहेर कसं बसवायचं, 'जीव द्यावासा वाटतो का' हे आडवळण न घेता कसं विचारायचं, ते तिथेच दिसेल. हे येत नसेल तर डीबीटीच्या गप्पा कशाला?

सोबत डायरी कार्ड स्वतःचं भरा, रोज रात्री. भावना किती तीव्र होती, काय करावंसं वाटलं, कुठलं स्किल वापरलं. मग एखाद्या भांडणाची चेन ॲनॅलिसिस करा. समजा, आईवर ओरडलात. मागे जा : रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी नुसत्या चहावर कॉलेज, येताना एसटीत उभ्याने, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं ते गाडीतच कळलं, 'मी कुणालाच नको' असं मनात आलं, आणि दारातच आईने विचारलं, 'एवढा उशीर?' यातली कुठली कडी आधीच तोडता आली असती? मला विचाराल तर चहाची.

कोरेगावकर : मी पलीकडच्या बाजूने सांगतो, पुण्यात स्किल्स ग्रुपला जायचो. आमच्याकडे एक इंटर्न ताई होत्या. त्यांचं काम म्हणजे कार्डं वाटणं, गृहपाठ कुणी केला ते विचारणं. एकदा त्यांनी पातेलंभर बर्फाचं पाणी आणलं, श्वास रोखून आधी स्वतः तोंड बुडवलं, मग आम्हाला बुडवायला लावलं. डोकं भणभणतं तेव्हा याने धडधड खरंच उतरते. हृदयाचा त्रास असलेल्यांना मात्र त्यांनी आधीच बाजूला बसवलं होतं. मला तरी ही खरी इंटर्नशिप वाटली.

हळदपेठ : धन्यवाद सगळ्यांना. ताई, सिव्हिलला गेले तर रिपोर्टमध्ये डीबीटी लिहू शकते का? आणि एखाद्या पेशंटने माझा नंबर मागितला तर?

अजिंक्यतारा : जे केलंत तेच लिहा. 'मानसोपचार ओपीडीत निरीक्षण' हे पुढे कुठल्याही मुलाखतीत फुगवलेल्या सर्टिफिकेटपेक्षा बरं दिसतं. नंबर अजिबात द्यायचा नाही. फोनवरचं कोचिंग तो थेरपिस्ट करतो ज्याच्या पाठीशी टीम आहे, तुम्ही नव्हे. पेशंटला टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 लिहून द्या, चोवीस तास चालू असतो, आणि नंबर मागितल्याचं डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. पत्र घेऊन जायला सोमवार टाळा, ओपीडीला मरणाची गर्दी असते.