मदत हवी आहे: घरकुलाचा दुसरा हप्ता येईना, पावसाआधी स्लॅब टाकायचा आहे

गंगाथडी
नमस्कार. पहिला हप्ता आला, नंतर काहीच नाही. उसनवारी करून काम लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत आणलं. नगरपालिकेत विचारलं की "वरून निधी नाही" एवढंच सांगतात. जुनं घर पाडून बसलोय, भाड्याच्या खोलीत राहतोय. सेंट्रिंगवाला म्हणतो, या आठवड्यात पैसे दिले नाहीत तर स्लॅबच्या साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर नेतो. पैसे कसे सुटतील ते कृपया कुणीतरी सांगा, आणि लवकर सांगा.

तिफण
ग्रामसेवकाला धरा. आणि राज्याने 2025 मध्ये घरकुलाला 50 हजार वाढवलेत, तेही मागून घ्या. आमच्याकडे बऱ्याच जणांचं काम त्यावरच मार्गी लागलं.

खान्देशी_बाणा
तिफण, ते नगरपालिका म्हणतायत, तुम्ही ग्रामसेवक कुठून काढला? ते 50 हजार ग्रामीण आवासचे, 1 लाख 20 हजारांवर. शहरात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख, असे अडीच मिळतात.
गंगाथडी, योजना कोणती, पंतप्रधान आवास की रमाई? मंजुरी कुठल्या वर्षाची? जिओ टॅगिंग, म्हणजे जागेच्या नोंदीसह कामाचा सरकारी फोटो, कुठपर्यंत झालंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुर्ला_पश्चिम
अडीच लाखांत घर बांधा म्हणणं हीच मुळात फसवणूक आहे. सळई, सिमेंट, मजुरी कुठे गेली बघा. केंद्राचे दीड लाख 2015 मध्ये ठरले, योजनेचा नवा टप्पा 2.0 आला तरी तेवढेच. त्यापेक्षा झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना सगळ्या शहरांत आणा. 2000 सालाआधीच्या पात्र झोपडीधारकाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं, त्यासाठी खिशातून रुपया जात नाही.

खान्देशी_बाणा
मुंबईत ते फुकट दिसतं, कारण बिल्डर त्याच जमिनीवरचे विक्रीचे फ्लॅट कोटींच्या भावाने विकतो आणि त्यातून पुनर्वसनाचा खर्च काढतो. तालुक्याच्या गावात असा भाव कोण देणार? आणि मुंबईत तरी सगळं सुरळीत आहे का? बिल्डर झोपडीधारकांचं भाडं थकवतात म्हणून दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरून घ्यायचा नियम 2023 मध्ये करावा लागला. संक्रमण शिबिरात लोकांच्या पिढ्या गेल्या. हे मॉडेल इथे सांगू नका.

कुर्ला_पश्चिम
मी स्वतः झोपुच्या इमारतीत राहतो, त्यामुळे मला शिकवू नका. उशीर झाला, पण पक्कं घर मिळालं. यांना काय मिळालंय? अर्ध्या भिंती.

गंगाथडी
कृपया भांडू नका. पंतप्रधान आवास, शहरी. मंजुरी 2022 ची, आईच्या नावावर. घरपट्टी, नळपट्टी भरलेली आहे. पालिकेत कुणाला मध्ये घालायची सोय नाही. आमच्याच गल्लीत आमच्याच यादीतल्या एकाला मागच्या महिन्यात दुसरा हप्ता मिळाला, मग आम्हाला का नाही?

निवृत्त_ओव्हरसियर
हे आधी सांगायला हवं होतं! यादी एकच असेल तर डीपीआर, म्हणजे मंजूर प्रकल्प अहवालही एकच. शेजाऱ्याला पैसे मिळाले म्हणजे "निधी नाही" हे पूर्ण उत्तर नव्हे. अडकलीय ती तुमची फाइल.
पैसा कसा येतो ते बघा. केंद्र आपला वाटा राज्याला 40-40-20 टक्क्यांत देतं. पुढचा टप्पा सुटतो तो आधीचा पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि बांधकामाची प्रगती बघून. जुलै 2021 पासून हा पैसा राज्याच्या एकाच मध्यवर्ती (नोडल) खात्यात येतो, पालिकेच्या खात्यात शिल्लक पडून राहत नाही. त्यामुळे मुख्याधिकारी मनात आणलं तरी स्वतःच्या तिजोरीतून देऊ शकत नाहीत. पूर्वी पालिकांत पैसा वर्षानुवर्षं पडून असायचा, ते थांबलं हे चांगलंच झालं. पण आता फोटो चढला नाही की पैसा हलत नाही, आणि तोवर बांधकाम उसनवारीवर चालवायचं. गरिबाने आधी खर्च करायचा आणि सरकारने मागून द्यायचं, ही रचना मला नोकरीत असतानाही पटली नाही.
दोनच गोष्टी सांगा. लिंटलचा जिओ टॅग झालाय का? आणि आईच्या आधारला सध्या कोणतं खातं जोडलेलं आहे?

माहितीचा_हक्क
सगळं सोडा, माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत लेखी उत्तर.

निवृत्त_ओव्हरसियर
30 दिवसांत यांच्या उघड्या भिंतींवर पाऊस पडेल. अर्ज जरूर टाका, पण त्यावर थांबून राहू नका.

गंगाथडी
जोत्याचा फोटो काढला होता. तो मुलगा कंत्राटी होता, नंतर आलाच नाही. लिंटलचा फोटो कुणी काढलेला नाही. आईने मागच्या वर्षी लाडकी बहीणसाठी पोस्टात नवीन खातं उघडलं. पालिकेला पासबुक दिलंय ते जुन्या बँकेचं.

निवृत्त_ओव्हरसियर
मग बहुतेक गाठ इथेच आहे. नोंदीप्रमाणे तुमचं काम अजून जोत्यावर आहे. उद्याच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा: काम लिंटलपर्यंत झाले आहे, स्थळपाहणी करून जिओ टॅगिंग करावे. सोबत तारखेसह फोटो लावा. आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या, टेबलावर ठेवून येऊ नका. मग आईला घेऊन बँकेत जा. अनुदान आधारवरून येत असेल तर ते शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, म्हणून पोस्टाचं पासबुकही भरून बघा. आणि घाई करा. जुन्या टप्प्यातली मंजूर घरं पुरी करायला दिलेली मुदत डिसेंबर 2025 पर्यंतच होती.

भाडेकरू_पुणे
2.0 मध्ये गृहकर्जावर 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याज अनुदान आहे. घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंत, उत्पन्न 9 लाखांपर्यंत चालतं. कर्ज काढून मोकळे व्हा ना!

खान्देशी_बाणा
त्यांना योजनेच्या एका घटकातून घर मंजूर आहे, दुसऱ्याचा लाभ मिळत नाही. शिवाय ज्यांना सेंट्रिंगवाल्याचे पैसे देता येत नाहीत त्यांना बँक कर्ज देईल?

तिफण
घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत आहे, 2025 च्या वाळू धोरणात. ती घेतली का? की विकत आणली?

गंगाथडी
वाळू विकतच आणली, ते माहीत नव्हतं. स्लॅबला लागेल ती मागतो. अर्ज देऊन पोच घेतली. नवीन इंजिनिअर गुरुवारी येतो म्हणालेत. पोस्टाच्या खात्यात लाडकी बहीणचेच पैसे आहेत, अनुदान नाही. सेंट्रिंगवाल्याने आठ दिवस थांबायचं कबूल केलंय. वाळूसाठी अर्ज तहसीलला करायचा की पालिकेत?