'नेटिव्ह बायनरी'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्नकर्ती: टीममधल्या नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. सी++ची लायब्ररी लिनक्स, विंडोज, मॅकसाठी वेगवेगळी बिल्ड करून मेव्हनवर (जावाच्या लायब्रऱ्या ठेवायचं-घ्यायचं साधन) कशी टाकायची, हा विषय. 'नेटिव्ह बायनरी' आणि 'क्लासिफायर'पाशी गाडं अडलंय. 'स्थानिक द्विमान' आणि 'वर्गक' लिहून बघितलं, माझं मलाच हसू आलं.

जावावाला: 'द्विमान' नकोच. ती मोजायची पद्धत. इथे बायनरी म्हणजे कंपाइल होऊन आलेली फाइल, ती बायनरीच राहू द्या. 'नेटिव्ह'ला मात्र एकोणिसाव्या शतकातला झकास शब्द आहे: एतद्देशीय. जावाच्या बाइटकोडला (मधल्या रूपातल्या कोडला) जेव्हीएमसारखा (तो चालवणारा प्रोग्रॅम) दुभाष्या लागतो, ही फाइल प्रोसेसरशी थेट त्याच्या बोलीत बोलते. आणि देश (म्हणजे प्रोसेसर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम) बदलला की परकी.

पायथनवाली: 'एतद्देशीय' वाचून मुलं पळतील हो :) आमच्याकडे एकाने 'व्हील'चं (पायथनच्या तयार पॅकेजची फाइल) 'चाक' केलं होतं. पायपीआयचं (पायथन पॅकेजेसचं कोठार) जुनं नाव चीज शॉप, तिथलं हे व्हील. म्हणजे चाक कसलं, ढेप! (कोल्हापूरकर रवा म्हणतील.) ढेपेवरचा मार्का नावातच असतो: 'सीपी३११-सीपी३११-मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४', म्हणजे पायथन ३.११, लिनक्स आणि ६४-बिट इंटेल धाटणीचा प्रोसेसर. तो वाचून पिप (पॅकेज बसवणारं साधन) आपल्या मशीनची ढेप उचलतं. अल्पाइन नावाच्या लिनक्सवर जीलिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नाही, मसल आहे, म्हणून २०२१ मध्ये 'मसललिनक्स' हा वेगळा मार्का आला.

जावावाला: 'वर्गक' फसतो तो इथेच. मेव्हनचा क्लासिफायर कसलंही वर्गीकरण करत नाही. 'एलडब्ल्यूजेजीएल-३.३.१-नेटिव्ह्ज-लिनक्स.जार' या जावा पॅकेज-फाइलच्या नावातलं 'नेटिव्ह्ज-लिनक्स' तेवढा तो, नावाचं शेपूट. कुठलं शेपूट हवं ते वापरणाऱ्याने पॉममध्ये (मेव्हनची माहिती-फाइल; काय काय लागतं ते तिच्यात) लिहायचं, नाहीतर ओएस-मेव्हन-प्लगइनकडून मशीन ओळखून घ्यायचं. शिवाय सगळ्या शेपटांना पॉम एकच. विंडोजच्या जारला एखादी जास्तीची डिपेंडन्सी (म्हणजे दुसरी लायब्ररी) लागली तर ती त्या शेपटापुरती लिहायला जागाच नाही, वेगळा आर्टिफॅक्ट (स्वतःचा पॉम असलेलं पॅकेज) काढणं बरं. टिपणात हे ठळक लिहा, नवी मुलं हमखास अडकतात.

नोडवाला: ईएसबिल्डने (जावास्क्रिप्टचं बिल्ड करायचं साधन) २०२१ मध्ये ०.१३ पासून तेच केलं, प्रत्येक प्लॅटफॉर्मचं पॅकेज वेगळं. मुख्य पॅकेजात ती सगळी 'ऑप्शनल डिपेंडन्सी'. प्रत्येकीत 'ओएस' आणि 'सीपीयू' लिहिलेलं, जुळलं नाही की एनपीएम (नोडची पॅकेजेस बसवणारं साधन) सोडून देतं. तेव्हा ऑप्शनलला 'ऐच्छिक' म्हणू नका. ऐच्छिकमध्ये कुणाची तरी इच्छा असते. इथे नुसतं 'जमल्यास'. मी एकदा मॅकवरचं नोड-मॉड्यूल्स (बसवलेल्या पॅकेजेसचं) फोल्डर जसंच्या तसं लिनक्स कंटेनरमध्ये कॉपी केलं, अर्धा दिवस गेला. फोल्डर तेच, बायनरी परदेशी!

प्रश्नकर्ती: ठरलं. बायनरी तशीच. नेटिव्हला 'त्या-त्या मशीनची'. क्लासिफायर पहिल्यांदा येईल तिथे 'नावापुढची चिठ्ठी' असं समजावते, 'शेपूट' रिव्ह्यूत उडेल. 'जमल्यास' ढापतेय. आणि 'एतद्देशीय' शीर्षकात घुसवून बघते, कोण पळतंय ते कळेल.