नजफचं पाणी लखनौच्या पैशाचं

इराकमधलं शिया पंथीयांचं तीर्थक्षेत्र नजफ उभं राहिलं ते इराणी बादशहांच्या पैशावर, असं म्हटलं जातं. इमाम अली यांच्या दर्ग्याचा घुमट नादिरशहानं १७४३च्या सुमारास सोन्यानं मढवला, हे खरंच. पण माणूस सोनं पिऊन जगत नाही! नजफ कोरड्याठाक उंचवट्यावर वसलंय, विहिरींचं पाणी मचूळ. फरात (युफ्रेटिस) नदीचं पाणी तिकडे वळवायला पैसा दिला तो अवधचे नवाब असफुद्दौला यांनी. नवाब १७९७ साली वारले, कालवा १८०३ मध्ये पुरा झाला. त्याचं नाव आजही हिंदिया.

मला याहून विलक्षण वाटतं ते पुढचं. हळूहळू नदीच या कालव्यात शिरली, हिल्ला शहराकडे जाणारा नदीचा फाटा आटला, शेतं ओसाड पडली. शेवटी १९१३ मध्ये बंधारा घालून पाणी वाटून द्यावं लागलं.